मोठं अमेरिकन हायस्कूल: वर्ग, बँड आणि मैदान एकाच वेळापत्रकात कसं बसवायचं

नोकरीनिमित्त एडिसन, नेपरव्हिल, फ्रिस्को किंवा क्युपर्टिनोला निघालेली मराठी कुटुंबं घर शोधताना आधी शाळेचं रेटिंग बघतात. दहापैकी नऊ, दहापैकी दहा. मूल आठवी-नववीचं असेल तर आणखी एक आकडा बघायला हवा: त्या शाळेत एकूण मुलं किती? बास्केटबॉलच्या मुख्य संघात दीड हजार मुलांच्या शाळेत जेमतेम पंधरा जागा असतात आणि पाच हजारांच्या शाळेतही तेवढ्याच.

मोठी शाळा म्हणजे किती मोठी? इंडियाना राज्यातल्या कार्मेल हायस्कुलात पाच हजारांहून जास्त मुलं शिकतात. तिथल्या मुलींच्या जलतरण संघानं १९८७ पासून तीन दशकांहून अधिक काळ राज्याचं विजेतेपद हातचं जाऊ दिलेलं नाही. टेक्सासमधल्या ॲलन हायस्कुलचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम १८,००० आसनांचं आहे. २०१२ मध्ये ते सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून उभं राहिलं आणि दोन वर्षांत काँक्रीटला भेगा गेल्यामुळे काही काळ बंदही ठेवावं लागलं. नव्या बांधकामाला भेगा जाण्याची मक्तेदारी फक्त आपल्याकडचीच नाही, एवढाच त्यातला दिलासा.

अशा शाळेत चार-चार ऑर्केस्ट्रा असतात, गणिताच्या पाच-सहा पायऱ्या असतात, वीसेक खेळ आणि शंभरच्या घरात क्लब असतात. पण यातलं काहीही आपण होऊन मुलाच्या पुढ्यात येत नाही. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस एका कौन्सेलरमागे २५० मुलांची आहे. प्रत्यक्षात साडेतीनशे-चारशे मुलं सर्रास असतात. म्हणून तारखा, फॉर्म आणि पूर्वअटी आपणच शोधून काढायच्या.

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट आधी लक्षात घ्या. मुलाकडे दोन प्रकारचा वेळ असतो: शाळेतल्या सहा ते आठ तासिका, आणि शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ. अभ्यास तासिका घेतो. बँड, ऑर्केस्ट्रा, चित्रकला याही तासिकाच घेतात, कारण त्या इथे रीतसर विषय आहेत. खेळ संध्याकाळ घेतो. मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत वाजवणारा बँड, दोन्ही घेतो. टेक्सासमधल्या बऱ्याच शाळांत खेळालाही दिवसाची एक तासिका द्यावी लागते. त्यामुळे ‘मुलाला झेपेल का?’ हा प्रश्न पुढचा, ‘त्याच्या वेळापत्रकात बसेल का?’ हा आधीचा.

पायरी १: पत्ता, लसी, दाखले

सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते आणि फुकट असते. रस्त्याच्या अलीकडचं घर एका शाळेत आणि पलीकडचं दुसऱ्या शाळेत, असं नेहमी होतं. त्यामुळे घरमालकाच्या किंवा एजंटच्या शब्दावर न जाता शाळा डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) संकेतस्थळावर नेमका पत्ता टाकून बघा आणि मगच भाडेकरारावर सही करा. भाडेकरार आणि विजेचं किंवा गॅसचं बिल हा नेहमीचा पुरावा.

व्हिसाची काळजी इथे नको. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालानुसार स्थलांतराच्या दर्जावरून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही. एच-४ किंवा एल-२ वर आई-वडिलांबरोबर राहणारी मुलं सरळ प्रवेश घेतात.

लसीकरणाचं कार्ड मात्र भारतातून निघतानाच डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट आणि शिक्क्यासह करून घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस बी, धनुर्वाताचा वाढीव डोस आणि बऱ्याच राज्यांत मेनिंजायटिसची लस मागतात. ज्याची नोंद नाही ती लस पुन्हा घ्यावी लागते. बीसीजी घेतलेल्या मुलाची क्षयरोगासाठीची त्वचाचाचणी कधीकधी विनाकारण पॉझिटिव्ह येते. तेव्हा त्वचेऐवजी रक्ताची चाचणी चालेल का, हे विचारा.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, याचा एक फॉर्म येतो. तिथे मराठी लिहिलंत की मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. ती टाळण्यासाठी कुणी ‘इंग्लिश’ लिहायचा सल्ला देतं. खरं तेच लिहा. इंग्रजी माध्यमातलं मूल ती चाचणी बहुधा सहज पार करतं, आणि खरंच मदतीची गरज असेल तर ती मिळायलाच हवी.

पायरी २: भारतातल्या दोन इयत्तांची क्रेडिट मिळवा

या पायरीवर घाई करू नका. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. प्रत्येक विषय पास झाला की क्रेडिट, आणि ठरावीक क्रेडिट झाले की हायस्कूलची पदवी. टेक्सासमध्ये किमान २२ क्रेडिट लागतात, आणि ‘एन्डॉर्समेंट’ घेतली तर २६. एन्डॉर्समेंट म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान, व्यवसाय, कला यांसारख्या एखाद्या शाखेवर भर. दुसऱ्या राज्यात हेच गणित वेगळ्या आकड्यांत मांडतात.

मूल भारतात नववी किंवा दहावी करून येत असेल तर ती वर्षं इथल्या प्रगतिपत्रकावर चढतात. कशी चढतात, हे मात्र तुम्ही काय कागद दाखवता यावर असतं. फक्त टक्के लिहिलेली गुणपत्रिका दिलीत तर ७८ टक्क्यांचं इथे सी प्लस होण्याची भीती असते, कारण इथे ए साधारण नव्वदला सुरू होतो. म्हणून भारतातल्या शाळेकडून लेटरहेडवर श्रेणींचा तक्ता घ्या: किती गुणांना विशेष प्रावीण्य, किती गुणांना प्रथम श्रेणी. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का हवाच. शाळा सोडल्याचा दाखला वेगळा.

गणिताचा घोळ सगळ्यात जास्त होतो. इथे अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी एकावर एक रचलेली उतरंड आहे, आणि मूल ज्या पायरीवर बसवलं जातं तिथूनच पुढे सरकतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची बाजू इथे भक्कम आहे, कारण नववी-दहावीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, अशी वेगवेगळी पुस्तकं आणि वेगवेगळे पेपर असतात. दोन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका इंग्रजी माध्यमाच्या आवृत्तीतून छापून न्या. कौन्सेलरच्या टेबलावर ती ठेवलीत आणि ‘अल्जिब्रा १ आणि जॉमेट्रीचं क्रेडिट मिळेल का, की प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल?’ असं विचारलंत, तर बोलणं पाच मिनिटांत मुद्द्यावर येतं. दहावी झालेलं मूल कागदाअभावी पुन्हा अल्जिब्रा १ मध्ये बसलं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठताना त्याच्या नाकीनऊ येतात.

मराठी, हिंदी, संस्कृत हे विषयही वाया घालवू नका. परदेशी भाषेची दोन वर्षं बहुतेक विद्यापीठं मागतात. भारतात शिकलेल्या भाषेचं क्रेडिट मिळतं का, हे लेखी विचारा. ते मिळालं तर स्पॅनिशची एक तासिका मोकळी होते आणि तिथे ऑर्केस्ट्रा बसतो. इथेच वाढलेल्या मुलांसाठी ‘सील ऑफ बायलिटरसी’ आहे: दोन भाषांवर प्रभुत्व असल्याची पदवीवरची मोहोर. २०११ मध्ये कॅलिफोर्नियानं त्याचा कायदा केला, मग इतर राज्यांत ती पसरली. मराठीतही परीक्षा देता येते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांमधल्या शिक्षकांना आपल्या भागातल्या डिस्ट्रिक्टची रीत सहसा माहीत असते. आधी त्यांना गाठा.

एक धोक्याची सूचना. ‘एक वर्ष मागे बसवा, इंग्रजी पक्कं होईल’ असं काही पालक स्वतःहून सुचवतात. खेळाडू मुलाच्या बाबतीत हे अंगाशी येतं. बहुतेक राज्यांत खेळाच्या पात्रतेचं घड्याळ पहिल्यांदा नववीत पाऊल टाकलं तेव्हापासून चालू होतं, मग ती नववी नाशिकची का असेना, आणि चार वर्षांत ते थांबतं. १९ वर्षांची वयोमर्यादा वेगळीच. मागे बसवलेल्या मुलाला ऐन बारावीत मैदानाबाहेर बसावं लागू शकतं.

पायरी ३: पुढच्या वर्षाचे विषय हिवाळ्यात ठरतात

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाची विषयनिवड जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते. त्याआधी शाळेचा कोर्स कॅटलॉग येतो. शंभरेक पानांची ही पुस्तिका वाचायला रटाळ आहे, पण वाचावी. प्रत्येक विषयाखाली पूर्वअट, क्रेडिट आणि ग्रेडचा भार लिहिलेला असतो.

वाचताना चार वर्षांचा कच्चा तक्ता कागदावर काढा: आडव्या ओळीत नववी ते बारावी, उभ्या ओळीत सात तासिका. इंग्रजी चारही वर्षं. गणित आणि विज्ञान चार-चार वर्षं धरा, किमान अट तीनची असली तरी. इतिहास-नागरिकशास्त्र तीन किंवा चार, भाषा दोन-तीन. बेरीज करून बघा: अठ्ठावीस खणांपैकी सतरा ते एकोणीस इथेच संपतात. उरलेल्या नऊ ते अकरा खणांत कला, शारीरिक शिक्षण, आरोग्य, संगणक. म्हणजे चार वर्षं बँड घ्यायचा ठरवलं की त्यातले चार खण गेले. यात वाईट काहीच नाही, फक्त आधी माहीत असावं.

काही खण वाचवता येतात. टेक्सासमध्ये मार्चिंग बँड किंवा शालेय खेळ केला तर शारीरिक शिक्षणाचं क्रेडिट त्यातच मिळतं. आठवड्याला किमान पाच तास बाहेरच्या मान्यताप्राप्त क्लासला जाणाऱ्यांसाठीही तिथे ‘ऑफ-कॅम्पस पीई’ची सोय आहे, आणि काही डिस्ट्रिक्ट भरतनाट्यम किंवा कथकचा क्लासही त्यात धरतात. आरोग्य हा विषय उन्हाळ्यात ऑनलाइन उरकता येतो का, तेही विचारा.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर शाळेच्या पदवीच्या अटींबरोबर यूसी आणि सीएसयू या राज्याच्या सरकारी विद्यापीठांची ‘ए-जी’ यादी बघा. वर्षभराचे पंधरा कोर्स, सगळ्यांत किमान सी. त्यातला एक कोर्स दृश्य किंवा प्रयोगकलेचा असलाच पाहिजे. कलेला ‘टाइमपास’ म्हणणाऱ्या काका-मामांना ही यादी दाखवावी.

आता एपी. हे कॉलेज बोर्डाचे कॉलेज पातळीचे कोर्स. परीक्षा मे महिन्यात आणि गुण १ ते ५. बऱ्याच विद्यापीठांत ३ किंवा ४ पासून पुढे कॉलेजचं क्रेडिट मिळतं. वर्ग घेतला म्हणजे परीक्षेची नोंदणी आपोआप झाली असं नाही. ती शरद ऋतूतच, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते आणि प्रत्येक परीक्षेला शंभरेक डॉलर लागतात. कमी उत्पन्न असेल तर सवलत आहे, कौन्सेलरला बेलाशक विचारा.

आपल्या मंडळाच्या पॉटलकमध्ये ‘आमच्याकडे नऊ एपी, तुमच्याकडे किती?’ हा प्रश्न पुरणपोळीच्या आधी येतो. त्याला भीक घालू नका. विद्यापीठं मुलाला त्याच्या शाळेत उपलब्ध असलेल्या संधींच्या चौकटीत तोलतात. नववीत एक किंवा एकही नाही, दहावीत एक-दोन, अकरावीत तीन हा वेग बहुतेकांना मानवतो. ज्या वर्षी मार्चिंग बँड किंवा व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य संघातला) खेळ असेल त्या वर्षी एक कमी.

जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, दोन असतात. साध्या जीपीएत ए म्हणजे ४. भारितात एपीच्या ए ला बहुतेक ठिकाणी ५ धरतात. टेक्सासमध्ये भारित जीपीएचं महत्त्व जास्त, कारण १९९७ च्या कायद्यानं वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठानं मात्र हा उंबरठा आणखी वर नेला आहे: आधी सहा टक्के, २०२६ च्या प्रवेशापासून पाच. म्हणूनच तिथल्या मुलांना ऑर्केस्ट्राची तासिका सोडण्याचा मोह होतो, कारण तिला सहसा जादा भार नसतो. काही शाळांत वरच्या ऑर्केस्ट्राला ऑनर्सचा, म्हणजे जादा भाराचा, दर्जा मिळतो. कॅटलॉगमध्ये हे शोधा, मग ठरवा.

पायरी ४: कला

भारतातून आलेल्या पालकांना इथे खरा धक्का बसतो तो संगीत विभागात. ऑक्टोबरातला एखादा शुक्रवार घ्या. मार्चिंग बँडमधली क्लॅरिनेटवाली मुलगी सकाळी सातला पार्किंगच्या डांबरावर उभी. जमिनीवर पांढऱ्या रेषा, प्रत्येकाला क्रमांक, आणि कोणत्या ठोक्याला कुठे पोचायचं याची नोंद गळ्यात अडकवलेल्या छोट्या वहीत. मग सात तासिका. साडेतीनला घरी न जाता बँडरूममध्ये पिझ्झाचा तुकडा, लोकरीचा जाड गणवेश, तुऱ्याची टोपी. सातला फुटबॉलचा सामना, मध्यंतरात आठ मिनिटांचा कार्यक्रम, घरी परत साडेदहाला. शनिवारी स्पर्धा असेल तर पहाटे पुन्हा बस. हा हंगाम जुलैअखेरच्या बँड कॅम्पपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. मोठ्या बँडांची राष्ट्रीय अंतिम फेरी, बँड्स ऑफ अमेरिका, इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये नोव्हेंबरात होते.

कष्ट आहेत, पण चार हजारांच्या शाळेत नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवसाच्या आधीच दोनशे ओळखीचे चेहरे मिळतात. माझं स्पष्ट मत आहे: नववीत नव्यानं दाखल होणाऱ्या, थोड्या बुजऱ्या मुलाला बँड, क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याची धाव) किंवा स्टेज क्रू (नाटकाची पडद्यामागची मंडळी) यांपैकी कशात तरी घाला. जेवणाच्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचं हा प्रश्न तिथेच सुटतो.

वाद्य कोणतं? व्हायोलिनवाला ऑर्केस्ट्रात जातो आणि ऑडिशननं त्याचा स्तर ठरतो. ऑडिशनचे तुकडे शाळा आधी देते, बहुधा वसंतात. ट्यूबा, बॅसून, चेलो अशी मोठी वाद्यं शाळेची असतात. लहान वाद्यं दुकानातून महिन्याच्या भाड्यानं मिळतात. लगेच विकत घेऊ नका. तबला शिकलेलं मूल ड्रमलाइनमध्ये लयीच्या जोरावर चमकतं, पण त्याला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता आलं पाहिजे. ऑडिशनमध्ये अनोळखी कागद समोर ठेवून ‘वाजव’ म्हणतात, तिथे पाठांतर कामाला येत नाही. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शिक्षकाकडे फक्त वाचन शिकवा. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्यांनी क्वायर बघावा: सूर पक्का असतो, सगळ्यांबरोबर एकाच वजनानं गायची सवय तेवढी लावावी लागते.

नाटकाचं चक्र सोपं आहे: शरदात नाटक, वसंतात संगीतिका. गाण्याच्या ऑडिशनला सोळा किंवा बत्तीस मात्रांचा तुकडा तयार ठेवायचा. ज्यांना मंचावर जायचं नाही त्यांच्यासाठी सुतारकाम, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा हे सगळं मुलंच करतात, आणि ड्रिल मशीन हातात पहिल्यांदा तिथेच येतं. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या मुलांनी स्पीच अँड डिबेट सोडू नये. त्याची राष्ट्रीय संघटना १९२५ पासून आहे, आणि ‘ओरिजिनल ऑरेटरी’ म्हणजे स्वतः लिहिलेलं दहा मिनिटांचं भाषण. गणेशोत्सवातल्या स्पर्धेचंच हे भावंड म्हणायला हरकत नाही.

चित्रकलेच्या मुलांसाठी एपी आर्ट अँड डिझाइन आहे. त्यात लेखी पेपर नाही, वर्षभराच्या कामाचा पोर्टफोलिओ मे महिन्यात जातो. १९२३ पासून चाललेल्या स्कॉलस्टिक आर्ट अँड रायटिंग ॲवॉर्ड्ससाठी हिवाळ्याच्या आसपास कामं मागवतात. कलाशिक्षकांना सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा.

पैशांचं बोलायचं तर बँडची वर्षाची फी काही शे डॉलर, सहलीच्या वर्षी हजाराच्या वर जाते. पालकांचा बूस्टर क्लब निधी उभारतो आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या, गणवेश, ट्रकभर सामान यांसाठी माणसं मागतो. तिथे जाऊन दोन खोकी उचला. शाळेत खरं काय चाललंय हे पोर्टलपेक्षा तिथे जास्त कळतं. फी जड वाटत असेल तर बँड डायरेक्टरला खासगीत सांगा. मदतीचा निधी बहुतेक ठिकाणी असतो.

पायरी ५: खेळ

तीन हंगाम. शरदात फुटबॉल, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री. हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती, पोहणं. वसंतात बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक. टेनिस आणि सॉकर राज्याप्रमाणे इकडेतिकडे सरकतात. मुलगा आणि मुलगी एकाच खेळात असूनही हंगाम वेगळा असू शकतो.

संघाच्या पातळ्या: फ्रेशमन (नववीचा), ज्युनियर व्हर्सिटी, व्हर्सिटी. निवड चाचणीला ट्रायआउट म्हणतात. दोन-तीन दिवस चालते आणि यादी लागते. मोठ्या शाळेत बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर यांत बाहेर क्लबकडून वर्षभर खेळणारी मुलं येतात, त्यामुळे नवख्याला जागा मिळणं मुश्कील. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी कोणालाही काढत नाहीत. तिथे घड्याळ बोलतं, ओळख लागत नाही. कुस्तीतही अनेकदा सगळ्यांना घेतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांनी याची नोंद घ्यावी, फक्त इथे माती नाही, मॅट आहे आणि नियम वेगळे आहेत.

क्रिकेटवाल्या पोरांची बहुतेक ठिकाणी निराशा होते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी मात्र २००८ पासून क्रिकेट अधिकृत खेळ म्हणून सुरू केलं. बॅडमिंटनचं नशीब जरा बरं: कॅलिफोर्नियात बऱ्याच भागांत तो शालेय खेळ आहे, इलिनॉयमध्ये मुलींची राज्य स्पर्धा होते, टेक्सासमध्ये शालेय स्पर्धा घेणाऱ्या यूआयएलच्या यादीत मात्र तो नाही. पुण्यात पाच वर्षं शटल मारलेलं मूल टेक्सासला आलं तर टेनिसकडे वळवायचं का, हे आल्याआल्या ठरवा.

ट्रायआउटच्या आधी कागद पूर्ण हवेत. डॉक्टरांकडची स्पोर्ट्स फिजिकल राज्याच्या फॉर्मवरच आणि बऱ्याच ठिकाणी ठरावीक तारखेनंतरचीच चालते. डोक्याला मार लागण्याबद्दलच्या माहितीपत्रावर पालकांची सही लागते. वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये याचा पहिला कायदा केला, आता तो सगळ्या राज्यांत आहे: शंका आली की मूल त्या दिवशी मैदानाबाहेर, आणि परत यायला वैद्यकीय परवानगी हवी. कोचशी यावर हुज्जत घालू नका.

गुणांची अट सगळीकडे आहे. कॅलिफोर्नियात २.० चा किमान जीपीए. टेक्सासमध्ये १९८४ पासून ‘नो पास, नो प्ले’: एका विषयात ७० च्या खाली गेलात की किमान तीन आठवडे सामना नाही, सराव चालतो. हा नियम बँडच्या स्पर्धांनाही लागू आहे, शाळेनं ठरवलेल्या काही प्रगत कोर्सना सूट असते. म्हणून पोर्टलवर ग्रेडिंग पिरियड कधी संपतो ती तारीख बघून ठेवा. न दिलेल्या गृहपाठाचा शून्य हाच बहुतेकदा खलनायक असतो.

राहता पत्ता न बदलता शाळा बदलली तर व्हर्सिटीला काही काळ मुकावं लागू शकतं. आणि फी? कॅलिफोर्नियात १९८४ च्या एका न्यायालयीन निकालामुळे सरकारी शाळा खेळ-कलांसाठी सक्तीची फी घेऊ शकत नाही. देणगी मागतात, ती ऐच्छिक असते. मॅसॅच्युसेट्स, ओहायोसारख्या ठिकाणी एका खेळाला काही शे डॉलर लागू शकतात.

कॉलेजची स्पोर्ट्स स्कॉलरशिप डोक्यात असेल तर वास्तव ऐका. हायस्कुलात खेळणाऱ्यांपैकी सुमारे सात टक्केच मुलं पुढे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या कुठल्याही स्तरावर खेळतात, पहिल्या डिव्हिजनमध्ये दोनेक टक्के. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तरीही पहिल्या डिव्हिजनचा विचार असेल तर नववीपासून १६ मान्यताप्राप्त कोअर कोर्स मोजत चला. त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी संपायला हवेत. बाकीच्यांनी खेळ खेळासाठी खेळावा.

पायरी ६: भारताची तिकिटं काढण्याआधी

हे वेगळं सांगावं लागतं, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. स्वस्त तिकीट बघून जूनमध्ये जाऊन १५ ऑगस्टला परतणारं कुटुंब बँड कॅम्प आणि शरदातल्या खेळांची ट्रायआउट, दोन्ही चुकवतं. दोन्ही शाळा उघडायच्या आधीच सुरू होतात. नववीत जाणाऱ्या मुलासाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत परत या. डिसेंबरच्या लग्नांसाठी हिवाळी सुट्टी फक्त दोन आठवड्यांची. तिला चार आठवडे जोडू नका. टेक्सासमध्ये वर्गाच्या ९० टक्के दिवशी हजर नसेल तर त्या विषयाचं क्रेडिट अडू शकतं. धार्मिक सणासाठी सुट्टी बहुतेक राज्यांत मान्य होते, पण आधी लेखी कळवायचं. गणपती आणि दिवाळी नेमकी शरदाच्या हंगामात येतात, तेव्हा कोचला हंगाम सुरू होतानाच तारीख द्या. आदल्या दिवशी दिलेली तारीख कोणालाच आवडत नाही.

ईमेल कोणी लिहायचा? मुलानं. ग्रेडबद्दल, सरावाबद्दल, रजेबद्दल नववीपासून मूल स्वतः शिक्षकांना लिहितं, अशी इथे अपेक्षा असते. ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ आणि आडनाव, दोन वाक्यांत मुद्दा, शेवटी स्वतःचं नाव आणि तासिका क्रमांक. आई-बाबा त्यानंतर, उत्तर न आल्यास. थेट मुख्याध्यापकांकडे धाव घेतलीत तर ते ‘आधी शिक्षकांशी बोलणं झालं का?’ असंच विचारतील.

पायरी ७: अकरावी

पीएसएटी, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची सराव परीक्षा, ऑक्टोबरात शाळेतच होते. राष्ट्रीय मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीचीच धरतात. एसएटी आता संगणकावर, सव्वादोन तासांची, १६०० गुणांची. कॅलिफोर्नियाची यूसी आणि सीएसयू ती प्रवेशासाठी बघतच नाहीत, इतरत्र विद्यापीठाप्रमाणे. मार्चिंग बँडवाल्यांनी आणि शरदातल्या खेळाडूंनी ती मार्च ते जूनमध्ये उरकावी. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात लाइफगार्डची नोकरी किंवा पगारी इंटर्नशिप धरू नका. स्वयंसेवा, समर थिएटर, संगीत शिबिरं चालतात.

अकरावीच्या वसंतात कौन्सेलर एक फॉर्म वाटतो, त्याला मुलं ‘ब्रॅग शीट’ म्हणतात. चारशे मुलं सांभाळून शिफारसपत्रं लिहिणाऱ्या माणसासाठी हा कागद म्हणजेच तुमचं मूल. बहुतेक मुलं त्यात ‘बँड, तीन वर्षं’ एवढंच लिहून मोकळी होतात. त्याऐवजी लिहावं: दहावीत सेक्शन लीडर, नववीच्या सहा नव्या मुलांना पावलं शिकवली, नोव्हेंबरच्या स्पर्धेआधी तुटलेली कळ स्वतः दुरुस्त केली. विद्यापीठांना शिक्षकांची पत्रं लागणार असतील तर मे महिन्यात, उन्हाळ्याच्या आधी विचारावं, आणि शक्यतो अकरावीला मुख्य विषय शिकवलेल्या दोघांना. बँड डायरेक्टरचं पत्र तिसरं म्हणून, जिथे विद्यापीठ तिसरं स्वीकारतं तिथेच. हा फॉर्म भरताना शेजारी बसा, पण कीबोर्ड मुलाकडेच असू द्या.